पस्तिसावा दिवस कुठून मोजायचा

—नाही नाही, आत नको, इथं ओट्यावरच बसू. आत उकडतं फार, पंखा आहे पण नुसता आवाज करतो. चपला राहू देत तिथं, कुणी नेत नाही. तर काय म्हणत होतीस — हां, डॉक्टर चंद्रमौली. नाहीत घरी. आमचे हे आता घरी नाहीत. आधी कॉफी घे तू, रत्नागिरीहून कुंभकोणम म्हणजे काय जवळ आहे, दोन गाड्या बदलून आलीस. हा डबरा, म्हणजे पेल्याखालची वाटी, काठाला धर, तळाशी भाजेल. उंचावरून ओतायची काही गरज नाही, ते सिनेमात दाखवतात. आणि माझं मराठी ऐकून हसलीस ना मघाशी? हस, सगळे हसतात. पुण्याच्या एक बाई आल्या होत्या, म्हणाल्या, गोदाबाई, तुमचं बोलणं म्हणजे जुन्या दप्तरातला कागद. असेल. तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी इकडं आलं आणि येताना होतं तेवढं घेऊन आलं, त्यानंतर नवीन कोण आणून देणार? घरात बोलतो तेवढंच, उंबऱ्याबाहेर पाय पडला की तमिळ. तुझ्याशी तर मी जपून बोलते आहे, नाहीतर निम्मं तुला कळायचं नाही.

दाखव ते पत्र. चष्मा — हा काय, गळ्यातच आहे. 'मी, खाली सही करणारा भात-शास्त्रज्ञ, असे कळवतो की…' इंग्रजी चांगलं आहे. सव्वीस वर्षं शाळेत मुलींना इंग्रजी शिकवलं मी, त्यामुळं आधी चुकाच दिसतात. इथं एक स्वल्पविराम जास्त झालाय, असू दे. तुझ्या सरांनी लिहून दिलं? आणि काय म्हणाले ते, परत सांग. — 'असल्या ऑनलाइन चर्चेत खरे शास्त्रज्ञ येतात तरी का? रिकामटेकडी माणसं असतात सगळी. जा, नंदिता, त्या माणसाला डोळ्यांनी बघून ये, सही आण, मगच प्रबंधात नाव घाल.' — बरोबर आहे त्यांचं. मला राग नाही आला. थोडा आला. रिकामटेकडी म्हणाले म्हणून आला.

येतात का, म्हणजे येतात. पण कसे येतात सांगू? देवळात मोठा अधिकारी येतो ना, बाजूच्या दारानं आत, हात जोडले, प्रसाद घेतला, गेला — गर्दीतल्या कुणाशी बोलला का? नाही. तसे येतात. वाचतात सगळं. हे म्हणायचे, त्यांना नावं ठेवू नकोस, त्यांच्या मागं खुर्ची आहे, काही चुकीचं लिहिलं तर उद्या वरून कागद येईल, मला कसली खुर्ची, मला तर बांधावर बसायची सवय. म्हणायचे — म्हणजे म्हणतात. एक बाई होत्या, कुठल्या परदेशातल्या विद्यापीठातल्या, नावापुढं ती निळी खूण, पुरावा दिलेल्या शास्त्रज्ञांना देतात ती. त्या एकदा ह्यांना विचारतात, तुम्ही म्हणता तसं कुठल्याच शोधनिबंधात नाही, तुम्हाला हे कसं माहीत? ह्यांनी काय उत्तर दिलं असेल? 'पाहिलं.' एवढंच. मी म्हटलं अहो, असं एका शब्दात बरं नाही दिसत, थोडं सभ्यपणे लिहू. तर म्हणाले, पाहिलं ते पाहिलं, त्यात सभ्यपणा कुठून घालतेस? मग मी आपलं 'माझ्या निरीक्षणात असे आले आहे' असं लिहिलं. त्या बाईंनी तीन दिवसांनी आभार मानले. ते ह्यांनी दोनदा वाचायला लावलं मला.

हो, टाइप मीच करते. आधीपासून. ह्यांना इंग्रजी वाचता येतं, लिहायचं म्हटलं की घाम. दुपारी जेवण झालं की हे इथं, तू बसलीस तिथं, भिंतीला पाठ लावून, आणि मी त्या खुर्चीवर फोन घेऊन. मी प्रश्न वाचायचा, मराठीत सांगायचा. हे डोळे मिटून ऐकणार. मग म्हणणार, लिही. सहा वर्षं. नऊशेच्या वर उत्तरं आहेत. लोक लिहायचे, तुमची भाषा किती स्पष्ट आहे. मी म्हणायचे, बघा, स्तुती कुणाची चाललीय. हे म्हणायचे, भाताची.

काय? हात धुवायचेत? मी पाणी आणते ना इथंच, थांब — अगं थांब, उजवीकडं वळू नकोस—

बस. पाहिलास फोटो. बस, उभी राहू नकोस अशी. हारातली फुलं कालची आहेत, आज बदलायची राहिली.

येत्या पुरट्टासीत दोन वर्षं होतील. पुरट्टासी म्हणजे तुमचा भाद्रपद-आश्विन धर. सकाळी कॉफी घेतली, वर्तमानपत्र उघडलं, आणि मान खाली गेली. मला वाटलं वाचताहेत. मी अर्धा तास भाजी चिरत होते इथंच. मी खोटं नाही बोलले तुझ्याशी. घरी नाहीत म्हटलं, ते खरंच आहे. पण तुला वाटू दिलं, तेही खरं आहे. शिक्षिकेला हा फरक सांगावा लागत नाही.

आता तू मनात तारखा जुळवते आहेस, दिसतंय मला. जुळव. तू त्या चर्चेत पहिल्यांदा आलीस गेल्या मे महिन्यात. नाव नव्हतं तुझं, नुसतं 'भाताची विद्यार्थिनी'. आणि पहिलाच प्रश्न केवढा उद्धट — 'इथं खरे शास्त्रज्ञ कुणी येतात का, की सगळे आपले आपल्यासारखेच?' बारा जणांनी खाली थट्टा केली. एकानं लिहिलं, मी इस्त्री करतो पण मला कृष्णविवरातलं सगळं कळतं. आठवतं? हसलीस. मी पण हसले होते. ह्यांच्या नावानं मी लिहीतच होते तोवर, आठ महिने, पण वह्यांतून बघून, त्यांच्याच शब्दांत. एकतीस वर्षांच्या वह्या आहेत आत, प्रत्येक हंगामाची एक. जुन्या वहीतून काढून नवीन माणसाला दिलं, त्यात काय वाईट, असं मी स्वतःला समजावलं होतं. पण त्या दिवशी तू विचारलंस खरे शास्त्रज्ञ येतात का, आणि मी लिहिलं — 'येतात. त्यातला एक तुझ्याशी बोलतो आहे. एकतीस वर्षं भात संशोधन केंद्रात होतो.' हे कुठल्या वहीत होतं? कुठल्याच नाही. हे माझं.

कारण ते डॉक्टर नव्हते, बाळ. तुझ्या पत्रात डॉक्टर घातलंय, शास्त्रज्ञ घातलंय. ते फील्ड असिस्टंट होते, आडुतुरैच्या केंद्रात. पहाटे पाचला घरातून निघायचे, पहिल्या बसनं, दव असेपर्यंत भाताच्या पानावरचे करपा रोगाचे ठिपके मोजायचे, एकेका पानावरचे, शून्य ते नऊ अशी पायरी द्यायची, मोठ्या वहीत लिहून वर द्यायची. साहेब लोक चांगले होते, मी कुणाला बोल लावत नाही. निबंध छापून आला की शेवटी आभाराच्या ओळीत ह्यांचं नाव असायचं, बारीक अक्षरात, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरच्या आधी की नंतर एवढाच काय तो फरक. ह्यांना त्याचं काही नव्हतं. हे तर त्या ग्रुपात पहिल्या दिवसापासून प्रत्येक ठिकाणी लिहायला लावायचे, 'मी शास्त्रज्ञ नाही, शेतात काम केलेला माणूस आहे.' मी कंटाळायचे, दरवेळी काय तेच. निळ्या खुणेसाठी तिथल्या लोकांनी तीनदा विचारलं, पुरावा पाठवा म्हणून. हे म्हणाले, काय पाठवू, गुडघ्यापर्यंतचे बूट? ह्यांना नव्हतं त्याचं काही. मला होतं. एकतीस वर्षं ती बारीक अक्षरं मी चष्मा लावून शोधत होते. ते असताना त्यांनी मला करू दिलं नसतं, म्हणून ते गेल्यावर मी त्यांना बढती दिली. अर्ध्या ओळीत दिली. तुला.

चैत्रा, आमची मुलगी, होसूरला असते, ती म्हणते, आई, ते बंद कर आता, बरं दिसत नाही. तिला काय सांगू? मी ते उघडलं की नावापुढं हिरवा ठिपका येतो. चंद्रमौली, आत्ता उपलब्ध. माझ्याच फोनवर मलाच दिसतो. मी उघडते म्हणूनच येतो, कळतं मला. इतकी काही मी वेडी नाही. पण येतो.

असं रडवेलं तोंड नको करूस, तुझं काही चुकलेलं नाही. सही हवी ना तुला? त्यांची सही मला येते. चैत्राच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्यांची सही मीच करायचे, हे पहाटे गेलेले असायचे. खरं सांगू, तू फाटकातून आत आलीस, पिशवीतून ते पत्र डोकावत होतं, तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं. आत न्यायचं, दोन मिनिटांत करून आणायचं, सांगायचं, हे झोपलेत, बरं नाही. पेन सुद्धा बघ, पदराला अडकवून बसले आहे मघापासून. तुझं काम झालं असतं. प्रबंधात छापलं असतं — डॉक्टर चंद्रमौली, भात-शास्त्रज्ञ, व्यक्तिशः दिलेली माहिती. मोठ्या अक्षरात.

काय म्हणालीस? — कुठलं बियाणं? — परत सांग, हळू सांग. तुझा तो जुना वाण, ज्यावर करपा आला नाही, तो… येत्या मृगावर… किती गावांत? — अकरा. सर स्वतः वाटणार आहेत. म्हणून सही हवी.

थांब जरा. कप ठेवते खाली.

माझ्याकडं बघ आणि मी विचारते त्याचं एका शब्दात उत्तर दे. तू पेरभात केला होतास ना? रोप लावलं नव्हतंस. सरळ पेरलं होतंस. — हो. माहीत आहे मला. प्रश्नात लिहिलं होतंस तू, पहिल्या ओळीतच, मी वाचलं होतं. आणि विचारलं होतंस, ठिपके कोणत्या दिवसांत मोजू. मी चौदा नंबरची वही काढली. त्यात ह्यांच्या अक्षरात स्वच्छ आहे, 'पस्तीस ते पंचेचाळीस. रोज पहाटे. नंतर पाहण्यात अर्थ नाही, पान जून होतं.' मी जसंच्या तसं लिहून दिलं. तू पस्तीस ते पंचेचाळीस मोजलंस. रोज पहाटे. मोजलंस ना?

कुठून मोजलास पस्तिसावा दिवस?

पेरल्यापासून. अर्थात. दुसरं कुठून मोजणार तू, लावणी तर झालीच नाही. पण आमच्या इकडं, बाळ, वय लावणीपासून मोजतात. रोपवाटिकेतले पंचवीस-तीस दिवस धरतच नाहीत. वाफ्यातलं रोप म्हणजे अजून आईच्या पोटात, असं जुने लोक म्हणतात, शेतात उभं राहिलं तो पहिला दिवस. हे वहीत लिहायची गरज ह्यांना काय होती? स्वतःसाठी लिहीत होते. कुणी दुसऱ्यानं वाचायचं ठरलंच नव्हतं. समोर बसून तू त्यांना विचारलं असतंस तर त्यांनी डोळे मिटूनच म्हटलं असतं, पेरभात आहे ना, मग साठ पुढं. मला ते सुचलं नाही. मला इंग्रजी येतं. भात कुठं येतो मला?

म्हणजे तू बघायला गेलीस तेव्हा करपा यायचाच होता. आणि यायच्या वेळी तू मोजणं थांबवलंस, कारण मी लिहिलं होतं नंतर पाहण्यात अर्थ नाही.

नाही, आत्ता नाही कळलं मला. तेच सांगते आहे. खोटंच बोलायचं तर इथं बोलता आलं असतं, की आत्ता तुझ्या तोंडून ऐकून लक्षात आलं. गेल्या पुरट्टासीत, वर्षश्राद्धाला हनुमंतराव आले होते, ह्यांच्याबरोबर केंद्रात होते ते. पानावर बसले होते, मी वाढत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, भाऊजी, पस्तिसावा दिवस म्हणजे नक्की कुठून हो? ते हसले, म्हणाले, वहिनी, इतकी वर्षं संसार केलात आणि हे ठाऊक नाही? लावणीपासून. माझ्या हातात पायसाचं भांडं होतं. पुढच्या पानावर वाढायला वाकले आणि तशीच राहिले, ते पान रिकामंच राहिलं.

तेव्हा तुझं पीक शेतात उभं होतं. कापणीला तीन आठवडे होते, मी हिशेब केला होता. जून पानावर सुद्धा जुन्या ठिपक्यांच्या खुणा राहतात, हे वहीतच आहे, मला माहीत होतं. त्या संध्याकाळी मी फोन उघडला. तू लिहिलेलं होतं, 'सर, एकही ठिपका नाही, वाण निरोगी निघाला, सगळं तुमच्यामुळं.' खाली सदतीस लोकांनी तुझं कौतुक केलेलं. दोन ओळी लिहायच्या होत्या मला. चूक झाली, परत जाऊन बघ. लिहिल्या पण. आणि पुसल्या. का? नऊशे उत्तरांत ह्यांना एकदाही चूक मागं घ्यावी लागली नव्हती. एकदाही नाही. पहिली चूक त्यांच्या नावावर लागणार, आणि ती त्यांची नाहीच. माझी आहे, हे सांगायचं तर ते गेले हे सांगायला हवं. ते सांगितलं की ती माणसं भली, दोन दिवस शोक करतील, आणि मग ते नाव बंद करतील. ठिपका बंद. म्हणून मी गप्प राहिले. मनाला म्हटलं, कॉलेजातला प्रबंध, कपाटात जाईल, कोण वाचतंय.

अकरा गावं.

नको, नकोच बोलूस, मला ऐकवणार नाही.

हे पत्र घे. सही नाही करत मी. माझ्या नावाची सुद्धा नाही. तू इथंच बस, आत येऊ नकोस.

ही घे चौदा नंबरची वही, आणि ही पंधरा, तीतही थोडं आहे. परत द्यायची घाई नाही. अक्षर लागलं नाही तर हनुमंतरावांना फोन कर, नंबर मागच्या पानावर लिहिलाय. तिरुनागेश्वरमला असतात, दुपारी तीनच्या आत कर, मग ते देवळात जातात. तुझ्या सरांना म्हणावं, येत्या पावसात परत पेरायचं, वेगळ्या तुकड्यात थोडंसं, आणि साठ दिवसांपुढं बघायचं. वाटायचं ते त्यानंतर. ते चिडतील. चिडू देत. आणि म्हणावं, तुम्ही विचारलं ते बरोबर होतं. एक खरा होता तिथं, सहा वर्षं. तो स्वतः नाही म्हणायचा, म्हणून कळलं नाही कुणाला. त्याच्यानंतर आली ती रिकामटेकडी.

आता हे बघ, मी लिहिते, तू नुसती ऐक, इंग्रजीत लिहिते पण तुला मराठीत सांगते, सवय आहे मला. 'या नावानं इथं लिहिणारे चंद्रमौली राव… एक वर्ष सात महिन्यांपूर्वी वारले. ते शास्त्रज्ञ नव्हते. शेतात काम केलेले होते. त्यानंतरची सगळी उत्तरं त्यांच्या पत्नीनं लिहिली. त्यातलं पेरभाताचं उत्तर चुकीचं आहे. पस्तिसावा दिवस लावणीपासून मोजायचा असतो, पेरल्यापासून नव्हे. ज्या मुलीनं त्यावर विश्वास ठेवला तिची यात चूक नाही.' — अजून काही? स्वल्पविराम बरोबर आहेत. सभ्यपणा कुठं राहिला असेल तर राहू दे, ह्यांना तसंच आवडायचं.

हिरवा आहे अजून. बघ.

दाबलं.

नीघ आता तू. चारची गाडी आहे ना मायिलाडुतुरैवरून, इथून बस पकडायला तुला अर्धा तास लागेल. बर्फी आणलीस ती मी ठेवून घेते, त्यांना आवडायची. कप राहू दे, मी उचलीन. नाही, माझ्याजवळ थांबायचं काही कारण नाही, हार बदलायचाय मला. जाताना फाटक ओढून घे, कडी लागत नाही नीट, गाय आत येते.